विंदालू, विंडालू की व्हिंडालू? आणि त्यात बटाटा आला कुठून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात घरून गोवन जेवणाच्या ऑर्डरी घेता आणि आता पहिल्यांदाच मराठीत मेनूकार्ड छापताय. डिझाइन करणाऱ्याने 'व्हिंडालू' असं टाइप करून पाठवलं. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले तुमचे भागीदार म्हणतात की शब्दातच 'आलू' आहे, तेव्हा बटाटा हवाच. मडगावच्या सासूबाई म्हणतात, आमच्याकडे त्यात बटाटा कधीच पडला नाही. आणि पदार्थाच्या नावाखाली 'जहाल तिखट' असं लिहावं का, हेही तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. 'विंदालू' लिहा. बटाट्याच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. आणि 'जहाल तिखट' लिहू नका, कारण या पदार्थाचा जीव तिखटात नाही, आंबटपणात आणि लसणात आहे.

आता कारणं. पाककृतींचा मजकूर छापायला जाण्याआधी तपासणं हे माझं काम. गोव्याच्या पदार्थांचा लेख आला की एकाच पानावर 'विंदालू', 'विंडालू' आणि 'व्हिंदालू' असे तीन अवतार हमखास सापडतात, आणि साहित्याच्या यादीत चार ओळी खाली 'बटाटे पाव किलो' असतंच. या दोन चुका वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. लिहिणाऱ्याने शब्द इंग्रजी स्पेलिंगवरून उचललेला असतो. तो कोकणीतून कानावर पडलेला असता, तर दोन्ही चुका झाल्या नसत्या.

शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. पोर्तुगालमध्ये, विशेषतः मदेरा बेटावर, 'कार्न द विन्या दाल्युश' नावाचा पदार्थ आजही नाताळात होतो. 'कार्न' म्हणजे मांस. 'विन्या'चं नातं 'विन्यु'शी, म्हणजे वाइनशी. 'आल्यु' म्हणजे लसूण, 'दाल्युश' म्हणजे लसणांचं. डुकराच्या मांसाचे तुकडे वाइन किंवा व्हिनेगर आणि भरपूर लसूण यांत मुरवायचे आणि मग शिजवायचे किंवा परतायचे, एवढाच त्याचा गाभा. शीतकपाटं नव्हती तेव्हा मांस टिकवण्याची ही पद्धत होती. आंबटपणा वाढला की मांस नासवणाऱ्या जंतूंची वाढ मंदावते, हे त्यामागचं साधं कारण. मदेराची माणसं एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गयानाला आणि त्रिनिदादला गेली, तिथेही हा पदार्थ पोचला. तिकडे त्याला सरळ 'लसणाचं डुक्कर' अशाच अर्थाचं नाव आहे. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकालाही नावात लसूणच राहिला, बटाटा कुठेच नाही.

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. इथे द्राक्षाची वाइन मुबलक कुठून असणार? पण माड होते, माडाची सूर म्हणजे माडी होती आणि सुरेपासून होणारं व्हिनेगर होतं. गोव्यातल्या स्वयंपाकात आजही हेच माडाचं व्हिनेगर मानाचं. त्यात मिरी, लवंग, दालचिनी, जिरं हे इथलं सामान आलं. आणि आली लाल मिरची, तीही पोर्तुगिजांच्याच हातून. मिरची मूळची अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडचा झणका मिऱ्याचा होता, म्हणून तर या नव्या फळाला आपण 'मिरे'वरूनच 'मिरची' म्हणायला लागलो. मदेराच्या पदार्थाला लाल रंग नाही. तो रंग गोव्याने दिला. तेव्हा विंदालू हा नुसता पोर्तुगीज पदार्थ म्हणून सोडून देणंही मला पटत नाही. नाव तिकडचं, रीत निम्मी तिकडची, पण चव पूर्ण इथली.

आता बटाट्याकडे येऊ, कारण तुमच्या घरात वाद त्यावरूनच चाललाय असं दिसतं. भागीदारांना एकच प्रश्न विचारा: गोव्यात बटाट्याला काय म्हणतात? कोकणीत 'बटाटो', मराठीत 'बटाटा'. हा शब्दही पोर्तुगिजांनीच आणला आणि पश्चिम किनाऱ्यावर तोच रुजला. 'आलू' हा शब्द उत्तरेकडचा. आपल्याकडे त्याच्या जवळचा 'अळू' आहे, पण त्याची पातळ भाजी होते. गोव्यातल्या घरात तयार झालेल्या पदार्थाच्या नावात हिंदी 'आलू' येण्याचा मार्गच नाही. हा पुरावा मला कुठल्याही कोशापेक्षा मोठा वाटतो, कारण तो रोजच्या बोलण्यातला आहे आणि पडताळायला कोशाची गरज पडत नाही.

मग शेवटी 'लू' आला कसा? पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी आघात नसलेला 'ओ' असला की तो 'उ'सारखा उच्चारतात. लसणाचा शब्द लिहिताना शेवटी 'ओ' असतो, ऐकू येतो 'आल्यु'. कोकणी कानाने तेच ऐकलं. अनेकवचनाचा शेवटचा 'श' गळला, 'ल्यु'चा 'लू' झाला. पुढे इंग्रजांनी तो आपल्या पद्धतीने दोन 'ओ' घालून लिहिला, उत्तरेकडच्या स्वयंपाक्यांनी तो वाचला, आणि त्यांना त्यात आपला ओळखीचा 'आलू' दिसला. बटाटा पातेल्यात पडला तो असा, स्पेलिंगमधून.

'द' की 'ड' या मुद्द्यावर जरा थांबते, कारण मेनूकार्डात चूक नेमकी इथे होते. इंग्रजीतून येणारा 'डी' आपण 'ड' लिहितो: डॉक्टर, डेपो, डायरी. पोर्तुगीज 'द' मात्र दंत्य आहे, जीभ दातांना लागते. पोर्तुगीजमधून थेट आलेले आपले जुने शब्द पाहा: पाद्री, बालदी. पाड्री किंवा बालडी कोणी म्हणत नाही. 'बटाटा'मध्ये 'त'चा 'ट' झालाय हे खरं, तेव्हा हा नियम दगडावरची रेघ नाही. पण विंदालूच्या बाबतीत गोव्यातला उच्चार आजही दंत्यच आहे, आणि तुमच्या सासूबाई घरातच आहेत. त्यांना तो शब्द दोनदा म्हणायला लावा आणि ऐका. 'ड' असता तर तुम्हालाच खटकला असता.

तोच न्याय 'व' आणि 'व्ह'ला. 'व्हिनेगर' आपण 'व्ह' घालून लिहितो, कारण तो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. कोकणीत त्यालाच 'विनाग्र' म्हणतात, तिथे साधा 'व'. पोर्तुगीज 'शाव्ह'ची आपण 'चावी' केली, तिथेही साधा 'व'. तेव्हा एकाच ओळीत 'व्हिनेगर' आणि 'विंदालू' असं छापलं गेलं तर विसंगती वाटू देऊ नका. दोन्ही शब्द वेगवेगळ्या दारांनी आलेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लो-इंडियन पाकपुस्तकांत 'बिंडालू' असंही रूप आढळतं. 'व'चा 'ब' होणं आपल्याला नवं नाही, पोर्तुगीज 'कोव्ह'चा आपण 'कोबी' केलाच आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचं विचारलं नाहीत, पण डिझाइनरकडून 'वींदालु' असं काहीतरी यायच्या आत सांगते. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे मराठी शब्दात अनुस्वाराआधीचा इकार-उकार ऱ्हस्व आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. भिंत, चिंच यांसारखा 'विं' ऱ्हस्व. लाडू, काजू यांसारखा 'लू' दीर्घ. 'विंदालू' दोन्ही नियमांत चपखल बसतो. विभक्ती लावताना 'काजूचा'सारखं 'विंदालूचा मसाला', 'विंदालूत साखर' असंच लिहा, 'लाडवाचा'च्या धर्तीवर 'विंदालवाचा' करू नका. लिंगाबद्दल मात्र मी आग्रह धरत नाही. 'विंदालू केला' आणि 'विंदालू केलं' दोन्ही कानावर येतं. मटण, कालवण यांच्या जोडीने मला नपुंसकलिंग सहज वाटतं, म्हणून मी 'ते विंदालू' ठेवते. तुम्ही दुसरं निवडा हवं तर, फक्त पूर्ण कार्डभर एकच ठेवा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या शब्दाचं आणखी एक घरचं रूप माहीत असायला हवं, आणि ते फार कमी जणांना माहीत असतं याची मला खंत आहे. वसई, साष्टी आणि मुंबईतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांची घरची बोली मराठीची आहे, 'इंद्याल' करतात. डुकराचं किंवा बदकाचं, व्हिनेगर आणि लसूण घातलेलं. मंगळूरच्या कॅथलिक घरांत त्याच कुळातलं 'इंदाद' होतं. वसई पोर्तुगिजांकडे 1534 मध्ये गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत शब्द तिथे रुजला आणि सुरुवातीचा 'व' घासून गेला. 'इंद्याल'मध्ये जो 'य' ऐकू येतो, तो माझ्या मते 'दाल्यु'मधलाच, फक्त जागा बदललेला. विंदालू हा आपला नाही, बाहेरून आलेला शब्द आहे, असं कोणी म्हणालं की मी वसईचं नाव घेते.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगते, कारण सगळ्यांसाठी एकच उत्तर देणं बरोबर नाही. कोकणीत कोणी 'विंदाल्यू'च्या जवळ जाणारा उच्चार करतं, रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिणारे गोवेकर पोर्तुगीज स्पेलिंग जवळ ठेवतात. मडगावात किंवा म्हापशात दुकान असतं तर तिथल्या बोलण्याप्रमाणे लिहा म्हटलं असतं. पुण्यातल्या मराठी वाचकासाठी 'विंदालू' हे रूप बोलायला सोपं आणि मुळाशी प्रामाणिक आहे. दुसरं म्हणजे तुमचा स्वयंपाक नेमका कुठल्या वळणाचा आहे. भागीदार ब्रिटनमधल्या करी हाउसच्या पद्धतीचं विंदालू करणार असतील, म्हणजे टोमॅटो, भरपूर तिखट आणि बटाट्याचे तुकडे घातलेलं, तर तोही आता एक स्वतंत्र पदार्थ आहे. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याखाली 'अस्सल गोवन' लिहायला.

ब्रिटनकडे विंदालू गेलं ते आपल्याकडूनच. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, 1799 पासून 1813 पर्यंत, इंग्रजांची फौज गोव्यात होती. शिवाय गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाक्यांना गोमांस किंवा डुकराचं मांस शिजवायला अडचण नव्हती, म्हणून इंग्रजांच्या घरांत आणि जहाजांवर त्यांना मोठी मागणी होती. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या करी हाउसांनी, ज्यांतली बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांची, पदार्थांची नावं तिखटाच्या पायऱ्या म्हणून वापरायला सुरुवात केली. कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू त्याहून तिखट. नावाचा अर्थ तिथे बदलला आणि तोच अर्थ इंटरनेटवरून आपल्याकडे परत आला. तुमच्या 'जहाल तिखट'चं मूळ हे आहे.

गोव्यातल्या पातेल्यात काय होतं ते पाहिलं की फरक लगेच कळतो. एक किलो चरबीसकट मांसाला मी साधारण पंधरा काश्मिरी मिरच्या घेते, बी बऱ्यापैकी झटकून. लसणाच्या तितक्याच पाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर जिरं, दहा-बारा मिरी, थोड्या लवंगा, दालचिनीचा तुकडा, हळद. हे सगळं अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये वाटायचं, पाण्यात नाही. ही गोष्ट नवशिके हमखास चुकवतात: पाण्यात वाटतात आणि व्हिनेगर शेवटी वरून ओततात. मग वास नाकात चढतो पण आंबटपणा मांसात शिरत नाही. व्हिनेगरमध्ये भिजलेली मिरची वाटली गेली की वाटण गुळगुळीत, विटकरी आणि चकचकीत दिसतं, बोटाला लागलं तर डाग सहज जात नाही. मीठ आणि वाटण चोळून मांस निदान रात्रभर ठेवायचं. काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ टाळा, आम्लाची त्यांच्याशी प्रक्रिया होते. दुसऱ्या दिवशी कांदा तांबूस करून त्यावर मांस आणि मंद आच. पाणी लागलं तर अगदी बेताचं. चरबी सुटून वर लाल तवंग आला की समजायचं झालं. शेवटी किंचित साखर किंवा गूळ, आंबट आणि तिखट यांना जोडून घेण्यापुरता.

नारळ त्यात नाही. टोमॅटो जुन्या पद्धतीत नाही. आणि बटाटा का नको, याचं स्वयंपाकातलंही कारण आहे. बटाटा आम्लात लवकर शिजत नाही, बराच वेळ दडदडीत राहतो, आणि शिजला की रश्श्यातला आंबटपणा आणि मीठ शोषून घेतो. शिवाय हा पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, बटाटा घातलेलं विंदालू तितकं टिकत नाही. तुम्ही डबे देता, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

तिखटाबद्दल आणखी एक. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, झणका बेताचा. गोव्यात काणकोणकडची खोला आणि पेडण्याकडची हरमल या आपापल्या भागात नावाजलेल्या मिरच्या आहेत, मिळाल्या तर जरूर वापरा, पण प्रमाण चाखून ठरवा. लवंगी मिरची घातली तर विंदालू तिखट होईल, आणि लसूण-व्हिनेगर मागे पडतील. ज्या चवीचं नाव आहे तीच हरवली, तर नाव ठेवून काय उपयोग?

तुमच्या कार्डावर आणखी गोवन नावं असणारच, म्हणून चटकन दोन-तीन. रोमन लिपीत गोव्याकडे 'एक्स' दिसला की तो 'श' वाचा. म्हणून 'शाकुती' लिहा. 'झाकुटी' हे इंग्रजी अक्षरांचं वाचन आहे. हा शब्द पोर्तुगीज नाही, फक्त त्याचं स्पेलिंग पोर्तुगीज आहे. मालवणी 'सागोती' त्याच्या अगदी जवळची. मसाला भरलेल्या बांगड्याला 'रेशाद' लिहा, पोर्तुगीज 'रेशियादु' म्हणजे भरलेला, 'रेचाड' नको. 'काफ्रियाल'चं नाव आफ्रिकेकडे बोट दाखवतं, मोझांबिकशी असलेल्या पोर्तुगीज संबंधांतून ते आलं. 'कॅफ्रीअल' असं लिहिलं तर ग्राहक 'कॅफे'शी जोडतील.

आता नेमकं काय छापायचं. नावाखालच्या ओळीत विशेषण नको, साहित्य सांगा. त्यावरून ग्राहकाला चव कळते आणि घरातला वादही मिटतो. मी असं लिहीन:

'पोर्क विंदालू: माडाचं व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरच्यांत रात्रभर मुरवलेलं. आंबट-तिखट. पाव किंवा सान्नांबरोबर.'

(सान्नां म्हणजे इडलीसारखा गोव्याचा वाफवलेला तांदळाचा पदार्थ.) माडाचं व्हिनेगर वापरत नसाल तर 'माडाचं' काढून टाका. चिकनचं करत असाल तर मुरवण्याचा वेळ कमी करा, चार-पाच तास पुरतात, जास्त ठेवलं तर आम्लाने मांस पिठूळ होतं. मग कार्डावरही 'रात्रभर' लिहू नका.

शाकाहारी ग्राहकांसाठी भागीदारांना बटाटा घालायचाच असेल तर जरूर घालू द्या. बटाटे आधी अर्धे उकडून घ्या आणि मग त्या वाटणात परता, छान लागतात. त्या पदार्थाचं नाव 'बटाटा विंदालू' छापा, दोन शब्द, मध्ये जागा सोडून. नावात बटाटा वेगळा लिहिला की 'आलू'चा प्रश्न उरत नाही. मशरूम किंवा कच्च्या फणसाचंही याच पद्धतीने होतं, आणि ते आंबटपणा बटाट्यापेक्षा चांगला धरतात. पहिल्या महिन्यात मी असते तर फणसाचं ठेवलं असतं.